मॅलकी गॅफनीचं सात वर्षांचं कुलूप

आमच्या ड्रमकॅरा दूध संघात युजीन रायली नावाचे पाच जण दूध घालतात. ते एकमेकांचे कुणी नाहीत. असलेच तर इतक्या लांबचे, की लग्नाला बोलवत नाहीत, फक्त मयताला येतात. कॅव्हन जिल्ह्यात रायली आणि ब्रेडी यांना तोटा नाही, त्यामुळं नुसत्या नावानं हाक मारली तर चार-पाच जण वळून बघतात. मागंपुढं काहीतरी लावावंच लागतं. कुऱ्हाड्या रायली. टेकावरचे रायली. बत्तीवाले ब्रेडी, कारण गावात वीज पहिल्यांदा त्यांच्या घरी आली आणि त्यांनी ती सगळ्यांना महिनाभर दाखवली. असल्या नावांचा त्या त्या घराला राग नसतो, उलट थोडी ऐटच असते. पण काही नावं अशी आहेत, की त्या घरातलं माणूस आत आलं की ती गुपचूप खोलीबाहेर जातात.

मॅलकी गॅफनी संघाची साठवण बघतो. दुधाची नव्हे, आकड्यांची. कुठल्या गाईनं किती दूध दिलं, फॅट किती लागली, कुठलं वासरू कुठल्या वळूचं, टँकर कुणाच्या गोठ्यावर किती वाजता उभा राहिला, हे सगळं जिथं ठेवलं जातं त्या जागेचा तो राखणदार. मी शेजारच्या प्रयोगशाळेत दूध तपासते. मधलं दार उघडंच असतं, त्यामुळं त्याच्या आयुष्यातलं बरंचसं मला न विचारता कळलेलं आहे.

तो इथं आला तेव्हा मिसरूड फुटत होतं. जुन्या दूध तपासनिसांच्या हाताखाली बाटल्या धुवायचा. संघात पहिला संगणक आला तेव्हा टायपिंग येणारं माणूस हवं होतं, आणि मॅलकीच्या आईकडं टाइपरायटर होता. एवढ्या भांडवलावर त्याचं सगळं पुढचं झालं. तपासनिसांनी जुनी कार्डं त्याच्यापुढं टाकली आणि सांगितलं, घाल यात. त्यांच्या कार्डांवर दुधवाल्यांची ओळख पटायला जी नावं होती ती त्यानं जशीच्या तशी घातली. युजीन रायली पाच, मग करणार काय? एक झाला 'रायली-कुऱ्हाड', एक 'रायली-टेकाड'. आणि एक झाला 'रायली-पाणी'.

या तिसऱ्याच्या आजोबांनी म्हणे एकदा कॅनमध्ये पाणी घातलं होतं. म्हणे, कारण बघितलेलं कुणीच नाही. संघानं कॅन परत पाठवला होता एवढंच सांगतात. तेवढ्यावर ते घर पाण्याचे रायली झालं. तोंडावर कुणी कधी म्हटलं नाही.

आणि हा युजीन म्हणजे मॅलकीचा जिवलग. दोघांची कुंपणं लागून. कॅव्हनचा फुटबॉलचा सामना असला की मॅलकीची गाडी आणि युजीनच्या बायकोचे हॅमचे सँडविच, असं ठरलेलं. ब्रेफनी पार्कच्या मैदानावर जाताना वाटेत भांडायचं, येताना गप्प बसायचं, कारण आमचं कॅव्हन हरलेलं असायचं. मॅलकीची बायको फिलोमिना इस्पितळात होती तेव्हा युजीन रोज संध्याकाळी धारा उरकून तिला बघायला जायचा, अंगाला गोठ्याचा वास घेऊन. नर्सा तक्रार करायच्या. फिलोमिना म्हणायची, ऱ्हाऊ द्या, तेवढंच घरचं वाटतंय.

तर साठवण. आधी ती टेपांवर होती. मग जुन्या लोण्याच्या थंड खोलीत सर्व्हर आले, आणि मग मॅनेजर फर्गल टली एका परिषदेहून आला आणि म्हणाला, सगळं क्लाउडवर न्यायचं. संचालक मंडळातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "म्हंजी नेमकं कुठं?"

"मीथ जिल्ह्यात," मॅलकी म्हणाला. "मोटारवेपल्याड. फ्लानागनचं कुरण हुतं बगा, तिथं आता बिनखिडक्यांची गोदामं हाईत. त्यातल्या एकात."

"फ्लानागनचं कुरण? लई पाणथळ हुतं ते."

"म्हणून तर त्याला ढग म्हणत्यात," फर्गल म्हणाला, आणि ठराव मंजूर झाला.

पहिली दोन वर्षं सगळे खूश. मग भाडं वाढत गेलं. आकडे वाढतात तसं भाडं वाढतं, आणि आकडे कुणीच टाकून देत नाही. आता तर प्रत्येक गाईच्या गळ्यात पट्टा आहे. ती किती वेळा रवंथ करते तेही मीथला जातं. रोज लागणारं एका ठिकाणी, वर्षा-सहा महिन्यांनी लागणारं दुसऱ्या, स्वस्त ठिकाणी. त्याला थंड साठा म्हणतात. तो बर्फात ठेवल्यासारखाच: काढायचा म्हटला तर आधी सांगायचं, अर्धा दिवस थांबायचं, आणि काढल्याचे वेगळे पैसे द्यायचे.

"आत घालाय फुकट, भाईर काढाय पैसं," मॅलकी मला म्हणाला. "असला कोंडवाडा म्या जन्मात बघितला न्हाई, ऊना."

"मग फर्गलला सांग की."

"फर्गलला म्हाईत हाय. भाईर काढून दुसरीकडं न्यायचं म्हटलं तर त्येचं बिल बघून त्यो दोन दिस जेवला न्हाई."

पण खरी गोष्ट कुलपापासून सुरू होते. दक्षिणेकडच्या एका डेअरीत चोर शिरले. दारातनं नव्हे, संगणकातनं. सगळे आकडे त्यांनी गोठवले आणि खंडणी मागितली. त्या डेअरीला आठवडाभर कुणाचं दूध किती आलं ते सांगता येईना. आमच्या विमा कंपनीनं लगेच कळवलं: तुमच्या आकड्यांची एक प्रत अशी ठेवा, की ती कुणाला पुसता येणार नाही आणि बदलता येणार नाही. नाहीतर विमा नाही.

असं कुलूप दोन प्रकारचं असतं. एकाची किल्ली संघातल्या एका माणसाकडं राहते. वेळ आली तर तो उघडू शकतो. दुसऱ्याला किल्लीच नाही. मुदत संपेपर्यंत ते मॅनेजरला उघडत नाही, क्लाउडवाल्या कंपनीला उघडत नाही, न्यायाधीश आला तरी उघडत नाही. विमा कंपनीला पहिलं चाललं असतं. मॅलकीनं दुसरं निवडलं, सात वर्षांचं.

फर्गलनं विचारलं, "अरे, पहिलं काय वाईट हुतं?"

"पहिल्याची किल्ली कुणाकडं ऱ्हाणार? माझ्याकडं. आज तू येशील. उद्या पाद्रीबाबा येतील. परवा माझी मेव्हणी यील, की मॅलकी, आमच्या दुधाचा तेवढा खराब आकडा काढ, एवढ्या डाव काढ. अन् म्या काढीन. म्या मला वळखतो, फर्गल."

हे खोटं नव्हतं. आमच्याकडं 'नाही' हा शब्द कुणी कुणाला तोंडावर म्हणत नाही. 'बघू' म्हणतात, 'देवाची इच्छा असली तर' म्हणतात, आणि मग संध्याकाळी काम करून देतात. मॅलकीनं आयुष्यभर असली कामं करून दिली होती. त्याला एकदा तरी खरोखर न उघडणारं दार हवं होतं, म्हणजे 'येत नाही' असं सांगताना मान खाली घालावी लागणार नाही.

फक्त एक राहिलं. जुने फोल्डर जुन्याच नावांनी होते. तिथं नाव बदलणं म्हणजे वहीवरचं लेबल बदलण्यासारखं नसतं. नव्या नावानं नवी प्रत करायची आणि जुनी पुसायची. त्यासाठी सगळा थंड साठा आधी बाहेर काढायचा. विम्याची तारीख जवळ आली होती. मॅलकी म्हणाला, कोण बघतंय तिथं जाऊन? आणि कुलूप घातलं.

दीड-एक वर्ष कुणी बघितलं नाही.

मग एका पशुखाद्य कंपनीनं संघाकडं मागणी केली: तुमच्या सगळ्या गाईंचे आकडे आम्हाला द्या, आम्ही त्यावर यंत्राला शिकवतो, यंत्र सांगेल कुठल्या गाईला काय चारायचं. फर्गलला ते आवडलं. शेतकऱ्यांना विचारायला चर्चच्या सभागृहात बैठक घेतली. चहा झाला, फर्गलनं पडद्यावर आलेख दाखवले. मागच्या बाकावरनं युजीन रायली उठला. तो बोलायला उठला की आधी टोपी काढतो आणि मग चिडतो.

"गाय माझी. दूध माझं. श्याण माझं, ते काढतोय बी मीच. मग आकडा तुमचा कसा झाला? माझ्यावर तुमच्याकडं काय काय लिवलंय ते आधी मला दावा. सगळं. मला कायदा म्हाईत हाय, माझी पुतणी गॉलवेला शिकती."

टाळ्या पडल्या. मॅलकीनंही वाजवल्या. मी त्याच्या शेजारी बसले होते. तिसऱ्या-चौथ्या टाळीला त्याचे हात तसेच हवेत थांबले.

कायदा असा, की माणसानं मागितलं तर त्याच्याबद्दलचं सगळं महिन्याच्या आत त्याला द्यायचं. ते काम साइव्हकडं असतं. ही डब्लिनची पोरगी, आठवड्यातनं दोन दिवस आमच्याकडं येते, बोलायला गोड आणि कामाला पक्की. तिनं शोधायचा नवा प्रोग्रॅम लावला. आता असे प्रोग्रॅम आले आहेत, की नाव टाकलं की गोठलेलं, कोंडलेलं सगळं यादीत येऊन उभं राहतं. ती यादी घेऊन ती मॅलकीच्या टेबलाशी आली.

"मॅलकी, हे 'रायली-पाणी' काय आहे? त्यांच्या विहिरीचे नमुने आहेत का?"

मॅलकीनं माझ्याकडं बघितलं. मग मीच सांगितलं. साइव्ह हसली नाही. खुर्ची ओढून बसली.

"हे काढून टाकायला हवं."

"निघत न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजी निघत न्हाई, पोरी. कुलूप हाय. अजून साडेपाच वर्सं."

तिनं क्लाउडवाल्या कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस फार सभ्य होता. त्यानं तीन वेळा दिलगिरी व्यक्त केली आणि सांगितलं, एकच उपाय आहे: संघाचं सबंध खातंच बंद करा. मग सगळंच जाईल. गाई, वासरं, फॅट, सगळं.

"कायदा म्हणतो नको ते पुसा, आणि विमेवाले म्हणतात काहीच पुसता येता कामा नये," साइव्ह म्हणाली. "सगळीकडं हीच रड आहे हो. मी पाच कंपन्यांचं काम करते, पाचही जणांनी हेच करून ठेवलंय. फक्त त्यांच्या कुलपात गिऱ्हाइकांचे फोन नंबर आहेत. असली नावं नाहीत."

"देताना तेवढं नाव झाकलं तर?" मॅलकीनं विचारलं. आवाज खाली गेला होता. "आकडं सगळं देऊ. नुसतं ते वरचं नाव..."

"ते त्यांच्याबद्दलच लिहिलंय, मॅलकी. म्हणजे ते त्यांचंच आहे. झाकायचं असेल तर तुम्ही दुसऱ्या कुणाला सांगा, मी नाही करणार." थोडं थांबून ती म्हणाली, "पत्रासोबत आपण माफी लिहू. मी नीट लिहीन."

"पत्रात नगं," मॅलकी म्हणाला.

त्या दुपारी त्यानं डबा उघडला नाही. रेडिओवर जिल्ह्यातल्या मयतांची रोजची यादी लागली. त्या वेळी आमच्या कचेरीत कुणी बोलत नाही. यादी संपली, ओळखीचं कुणी नव्हतं. मॅलकीनं रेडिओ बंद केला.

"ऊना, त्याला कसं सांगू?"

"जसं हाय तसं."

"चाळीस वर्सं त्याच्या शेजारी बसून सामनं बघतोय गं. एकदा सुदिक वाटलं न्हाई, की लिवून ठिवलंय आपण."

पुढचं त्यानंच मला सांगितलं.

तो संध्याकाळच्या धारांच्या वेळी गेला. यंत्र चालू होतं, एका बाजूला गाई ओळीनं उभ्या, युजीन धारा काढणाऱ्यानं उभं राहायच्या खालच्या खड्ड्यात कास पुसत होता.

"या या, साहेब! गोठ्यात? गोठ्याचं बूट तरी घालून यायचं. का हिथनंच आकडं घिऊन जातोस?"

मॅलकीनं सांगितलं. नाव सांगितलं, कुणी पाडलं ते सांगितलं, कुठं लिहिलंय ते सांगितलं. मध्ये थांबला असता तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून थांबला नाही. युजीननं ती गाय पुरी केली. यंत्र काढलं, दुसरीला लावलं.

"कोण कोण म्हणतं?"

"म्हातारी माणसं. आता फार कोण उरलं न्हाई."

"तू?"

"तोंडानं कधी न्हाई, युजीन."

"हातानं म्हणलास की."

"काढून टाक."

"येत न्हाई. कुलूप हाय त्याला. कुणालाच उघडत न्हाई."

"घातलं कुणी?"

"म्या."

"म्हंजी लिवणारा बी तूच अन् कुलूप घालणारा बी तूच." युजीननं फडकं बादलीत टाकलं. "माझ्या आज्याला पोरं नऊ अन् गाई चार. घातलं बी असंल पाणी. नसंल बी घातलं. त्ये त्याचं त्याला म्हाईत. पण त्यो मेला तवा तुझा आजा हुता खांदा द्यायला. खांदा देताना बी मनात ह्येच असणार का रं? पाण्याचा रायली चाललाय म्हणून?"

"मला कसं म्हाईत असंल?"

"व्हय. तुला नुसतं लिवायचं म्हाईत." मग तो पाठ करून म्हणाला, "जा आता. धारा हाईत."

साइव्हनं कागद पाठवले. पुढच्या रविवारी कॅव्हनचा सामना होता. मॅलकी एकटा गेला. त्याच दिवशी युजीन कुऱ्हाड्या रायलीच्या गाडीतनं आला आणि मैदानाच्या पलीकडच्या अंगाला बसला, हे सगळ्या जिल्ह्यानं बघितलं. आम्ही जिंकलो. फिलोमिना म्हणाली, इतक्या वर्षांत जिंकून आल्यावर एवढं पडलेलं तोंड मी पाहिलं नाही.

आकड्यांच्या प्रश्नावर दुसरी बैठक झाली. युजीन पुन्हा उठला. पुन्हा टोपी काढली. मला वाटलं, आता तो मॅलकीला सगळ्यांपुढं सोलणार. मॅलकीलाही तसंच वाटलं असणार; तो उठून दाराशी जाऊन उभा राहिला, म्हणजे शिव्या खायला सोयीचं.

"माझं कागद आलं," युजीन म्हणाला. "मला पाण्याचे रायली म्हणत्यात म्हणं. तुमच्यातल्या निम्म्यांना म्हाईत हुतं. उगं छताकडं बघू नगा. तर माझं म्हणणं एवढंच हाय, की सगळ्यांनी मागा. आपआपलं मागा. म्या एकट्यानंच का वाचायचं?"

आणि तो खाली बसला. खाद्य कंपनीचा विषय त्या दिवशी निघालाच नाही.

पुढचा महिना मी विसरणार नाही. अर्जांचा पाऊस पडला. कुणाला गाईंच्या आकड्यांशी घेणं नव्हतं; प्रत्येकाला आपल्या घराला लोक काय म्हणतात तेच बघायचं होतं. साइव्ह दोन दिवसांऐवजी पाच दिवस येऊ लागली. थंड साठा सारखा बाहेर काढावा लागला, आणि त्याचं बिल बघून फर्गलनं मॅलकीला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. बाहेर आल्यावर मॅलकी म्हणाला, "नोकरी गेली न्हाई. गेली असती तर बरं झालं असतं, एवढी नावं छापावी लागली नसती."

गावात हसणं झालं, तसं भांडणही झालं. 'ब्रेडी-उधार' निघालेल्यानं दुकानात आठवडाभर रोख दिले. 'रायली-दोनदा' म्हणजे काय ते कुणालाच सांगता येईना, आणि तो बिचारा अजून विचारत फिरतोय. एका घरातल्या म्हातारीनं कागद वाचला, घडी केला, चुलीत टाकला आणि मॅलकीला भेटल्यावर म्हणाली, "माझं जाळलं रे मी. तुझ्याकडचं कधी जळणार?" मॅलकीनं तिला वर्ष सांगितलं. ती म्हणाली, तोवर मी नसते.

मॅलकीनं प्रत्येकाचा कागद स्वतः नेऊन दिला. टपालानं पाठवा, असं साइव्ह सांगून थकली. प्रत्येक दारात तो तेच म्हणायचा: हे मी लिहिलंय, काढता येत नाही, मुदत संपली की मी स्वतः बघीन. काहींनी आत बोलावलं. काहींनी नाही.

युजीनच्या दारात मात्र तो गेला नाही. तिथलं सांगून झालं होतं.

शेवटी युजीनच कचेरीत आला, गोठ्यातल्या बुटांसकट. काउंटरवर कोपर टेकून उभा राहिला.

"एक अर्ज द्यायचाय," तो म्हणाला. "गॅफनींचं काय हाय तुमच्या कपाटात?"

"आमचं काय असणार? आमच्याकडं गाई कुठं हाईत?"

"गाई न्हाईत म्हणून नाव बी न्हाई व्हय?"

मॅलकीचे हात कीबोर्डवर थांबले. मी मधलं दार लावून घ्यायला उठले, पण लावलं नाही.

"हाय?" मॅलकीनं विचारलं.

"हाय की. पैल्यापास्नं हाय."

"काय?"

"परवाचे गॅफनी."

मॅलकीला काही क्षण कळलंच नाही. मग कळलं, आणि त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्याचा पणजा तळ्याच्या पलीकडच्या गावाहून इथं आला होता. तेवढंच.

"परवा? अरे, चार पिढ्या झाल्या आमाला हिथं! चर्चचा कठडा माझ्या आज्यानं बांधलाय!"

"व्हय. कठडा परवाच्या गॅफनीनं बांधला असंच सांगत्यात."

"कोण सांगत्यात?"

"सगळी."

"अन् तू?"

युजीननं काउंटरवरचं पेन उचललं, बघितलं, पुन्हा ठेवलं. मॅलकी खाली बसला होता तो तसाच बसून होता. घरादारात कुणी मेल्यासारखा नव्हे, पण आपल्याच घराची पाटी पहिल्यांदा बाहेरच्या बाजूनं वाचल्यासारखा.

"लागतंय न्हवं?" युजीन म्हणाला.

"लागतंय."

"हां."

फर्गल खोलीतनं डोकावला आणि परत आत गेला.

"गुरुवारी बाजाराला कालवडी न्यायच्यात," युजीन म्हणाला. "पोरगा न्हाई घरात. ट्रेलरमधी चढवायला माणूस पायजे."

"मला जनावरातलं काय कळतंय?"

"दार धरून हुबा ऱ्हायचं. त्येला काय कळाय लागतंय?"

"लाथ मारली म्हंजी?"

"मारली म्हंजी लागंल," युजीन म्हणाला आणि निघाला. दारातनं वळून म्हणाला, "सकाळी ये. अन् बूट घालून ये, परवासारखा येऊ नगंस."